व्हायलचा भाव काय लावला?

गणेशवाडीच्या भाजीबाजारात कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी नाशिककर चार फेऱ्या मारतो. पहिली फेरी नुसती नजरेची. दुसरी भावाची. तिसरी "तिकडे दहाला देतायत" हे ऐकवायची. आणि चौथी पहिल्याच मावशींकडे परत येऊन, उपकार केल्यासारखी जुडी पिशवीत टाकण्याची. द्राक्षांच्या पेटीचा वरचा थर बघून खालच्या थरात काय दडलंय ते तो सांगतो. येवल्याला जाऊन पैठणी थेट विणकराकडून घेतो आणि पुढची दहा वर्षं ती किती वाचवून घेतली याची गोष्ट सांगतो. ज्या जिल्ह्यात लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव उघड्यावर, सगळ्यांच्या कानांदेखत बोली लावून ठरतो, तिथल्या माणसाला भाव विचारायची लाज कुठून असणार?

ती दवाखान्यात येते.

घरातल्या आजींना थंडी वाजून ताप भरतो, लघवीत जंतुसंसर्ग निघतो, ॲडमिट करावं लागतं. हाताला सुई लागते आणि सिस्टर एक चिठ्ठी काकांच्या हातात देतात. "काका, एवढं घेऊन या. जरा लवकर." या 'लवकर'पुढे चार फेऱ्यांची परंपरा गळून पडते. चिठ्ठीवर एका अँटिबायोटिकच्या दहा व्हायल, तितक्याच सिरिंज, आयव्ही सेट, सलाईन, चिकटपट्टी असा ऐवज असतो. व्हायलचं नाव वाचता येत नाही, हे बरंच. वाचता आलं असतं तर उच्चारता आलं नसतं.

काका खाली मेडिकलच्या काउंटरवर पोचतात. बिलाचा आकडा ऐकून त्यांच्यातला मूळ नाशिककर क्षणभर जागा होतो. "काही कमीजास्त?" काउंटरवरचा मुलगा काचेवरच्या कागदाकडे बोट दाखवतो: औषधांवर दहा टक्के सूट. काका खूश. मागितल्याबरोबर मिळालेली सूट ही संशयास्पद असते हा नियम त्यांनी आयुष्यभर साड्यांच्या दुकानात पाळलेला असतो, पण इथे वरच्या मजल्यावर आजी असतात.

या बाजाराची रचनाच चमत्कारिक आहे. लग्नाच्या बस्त्यात साडी आत्याबाई पसंत करतात, पैसे वधूपिता देतो आणि नेसते तिसरीच, तसलाच हा प्रकार. औषध निवडणार डॉक्टर, पैसे मोजणार काका आणि टोचून घेणार आजी. फरक एवढाच की बस्त्यात निदान वधूपित्याला साडीला साडी म्हणतात हे माहीत असतं. इथे एकाच औषधाला डझनावारी नावं. सेफ्ट्रायॅक्झोन हे एकच औषध. ते प्रत्येक कंपनीने आपापलं बारसं करून विकायला ठेवलेलं असतं आणि चिठ्ठीवर उतरतं ते बारशाचं नाव. काका भाव विचारायला दुसऱ्या दुकानात गेले तर तिथे त्या नावाचं नसतं, 'त्यातलंच दुसऱ्या कंपनीचं' असतं. त्यातलंच म्हणजे कशातलं, हे विचारण्याइतकं धैर्य फार थोड्यांत असतं.

सुटीचं गणित मात्र प्रत्येकाला येतं, आणि तिथेच घोटाळा होतो. समजा, औषध तेच, वजन तेच, एक ग्रॅम. एका व्हायलवर एमआरपी २,००० रुपये छापली आहे आणि दुकानदार साठ टक्के सूट देतो. दुसरीवर ५०० छापले आहेत आणि सूट फक्त दहा टक्के. पहिली ८०० ला पडली, दुसरी ४५० ला. दहा व्हायलमागे साडेतीन हजारांचा फरक. पण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर काय होतं? ८०० वाल्याने व्हायलमागे बाराशे, म्हणजे एकूण १२,००० रुपये 'वाचवले' असतात. ४५० वाला पन्नास रुपयांची सूट कोणत्या तोंडाने सांगणार? तो गप्प बसतो आणि साठ टक्केवाल्याला अंगठ्यांचा पाऊस पडतो. ठाण्याची आत्या लिहिते, "तू होतास म्हणून झालं रे."

ही थट्टा वाटते, पण सरकारी कागदांत तिचा पुरावा आहे. दिल्ली आणि आसपासच्या चार खासगी रुग्णालयांची बिलं औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने तपासली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषधं, उपकरणं आणि सिरिंजसारख्या वापरून फेकायच्या वस्तूंवरचा नफा काही ठिकाणी १,७३७ टक्क्यांपर्यंत पोचलेला आढळला. गंमत पुढेच आहे. यातल्या बऱ्याच वस्तू छापील किमतीलाच विकल्या होत्या. नियमभंग म्हणावा असं काही नाही. मोठी रुग्णालयं घाऊक खरेदी करतात आणि त्यांना जास्त एमआरपीचाच माल हवा असतो, म्हणून कंपन्या एमआरपीच चढी छापतात, असं त्या अहवालाचं म्हणणं. इतर बाजारात विक्रेते स्वस्ताईची स्पर्धा करतात. इथे छापील किंमत जितकी जास्त तितका माल खपतो. लासलगावच्या एखाद्या आडत्याला हे सांगितलं तर तो चहा खाली ठेवेल.

एमआरपी ही आभाळातून पडत नाही. तिचेही नियम आहेत. १९९५ च्या किंमत नियंत्रण आदेशात औषध बनवायला खर्च किती येतो, त्यावरून किंमत ठरे. २०१३ च्या आदेशाने ती पद्धत गेली. आता अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधासाठी, बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या ब्रँडचा किरकोळ दुकानदाराला पडणारा भाव घेतात, त्यांची सरळ सरासरी काढतात, वर दुकानदाराचे १६ टक्के घालतात, आणि ती झाली कमाल किंमत. सरासरीत महागडेही बसलेले असतात, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलंच असेल. दर एप्रिलला घाऊक महागाई निर्देशांकाप्रमाणे ती हलते. यादीबाहेरच्या औषधाला कमाल किंमत नाही. कंपनीने काय छापायचं ते छापावं, फक्त वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. म्हणजे पहिल्याच दिवशी उंच शिडीवर चढून बसलं की पुढे सावकाश चढायला कोणाची हरकत नाही.

सेफ्ट्रायॅक्झोन या यादीत बऱ्याच वर्षांपासून आहे. मेरोपेनेम, म्हणजे आयसीयूतल्या चिठ्ठ्यांवर हटकून दिसणारं इंजेक्शन, सप्टेंबर २०२२ च्या यादीत आलं. त्या यादीत एकूण ३८४ औषधं होती. ते यादीबाहेर होतं तेव्हा याच औषधाच्या दोन कंपन्यांच्या व्हायल शेजारीशेजारी ठेवल्या तर छापील किमतीवरून त्या एका गावच्याही वाटत नसत.

तर हे सगळं कळायच्या आत काकांचा भाचा येतो. प्रत्येक नाशिककराचा एक भाचा गोळे कॉलनीत असतो. नसला तर भाच्याचा मित्र असतो. गोळे कॉलनी ही नाशिकची औषधांची घाऊक पेठ. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात मेडिकलवाल्याकडे औषध संपलं की तो "गोळे कॉलनीतून मागवतो" म्हणतो. खोक्यांनी भरलेली दुकानं, टू-व्हीलरवर दोन पायांमध्ये खोकी धरून निघालेली पोरं आणि दारातल्या पार्किंगवरून चाललेली वादावादी. भाच्याचं म्हणणं असं की तिथे व्हायल 'पाण्याच्या भावात' मिळते.

काका तिथे पोचतात आणि त्यांना एक परकी भाषा ऐकू येते. "पीटीआर काय आहे?" "दहावर दोन." "शॉर्ट एक्सपायरी चालेल का?" पीटीआर म्हणजे किरकोळ दुकानदाराला पडणारा भाव. दहावर दोन म्हणजे दहा घेतले की दोन फुकट. इथली सूट टक्क्यांत नसते, नगात असते. ती दुकानदारापर्यंत येते आणि बहुधा तिथेच मुक्काम करते. काका उत्साहाने म्हणतात, "मलाही दहावर दोन द्या." घाऊकवाला चष्म्यावरून बघतो. आजींना दहाच लागणार असतात; वरच्या दोनचं काय करणार, हा प्रश्न तो विचारत नाही, पण चेहऱ्यावर असतो. शिवाय त्याचा परवाना दुकानदारांना विकण्याचा. थेट रुग्णाला विकायचं तर किरकोळीचा वेगळा परवाना हवा. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत ते देतात, पण "चिठ्ठी दाखवा" म्हणतात.

आणि ते बरोबरच आहे. १ मार्च २०१४ पासून तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स, मेरोपेनेमच्या घराण्यातली औषधं वगैरे मिळून ४६ औषधं 'एच-वन' या परिशिष्टात गेली. लेबलवर लाल चौकट असते, दुकानदाराने डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती औषध दिलं ते वहीत टिपायचं आणि वही तीन वर्षं सांभाळायची. त्यामुळे आजींचं नाव आता एका सरकारी नियमाच्या वहीत तीन वर्षं राहणार, हे ऐकून खुद्द आजींना फार बरं वाटतं. मतदार यादीत त्यांचं नाव दोनदा चुकलेलं असतं.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे नामांकित कारखाने आहेत, त्यामुळे नाशिककराच्या मनात आणखी एक आशा असते: 'फॅक्टरी रेट'. द्राक्षं मळ्यातून मिळतात, पैठणी मागावरून मिळते, मग व्हायल गेटवरून का मिळू नये? भाच्याने तेही विचारून पाहिलेलं असतं. वॉचमनने त्याला आत जाऊ दिलं नाही, एवढंच तो सांगतो.

स्वस्त अँटिबायोटिकची हाव जुनी आहे. १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या एका पोलिसावर पेनिसिलीनचा पहिला मोठा प्रयोग झाला तेव्हा जगात ते इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून त्यालाच टोचलं. त्याला उतार पडू लागला, पण औषध संपलं आणि तो वाचला नाही. अमेरिकेने युद्धासाठी कारखाने उभारले तसा १९४३ मध्ये डोसला २० डॉलर पडणारा भाव १९४६ पर्यंत ५५ सेंटवर आला. एवढी सूट नंतर कुठल्या काउंटरने दिली नाही. आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने हात दिला, आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन बनू लागलं. घासाघीस करून नव्हे, जास्त बनवून भाव पाडायचा हा मार्ग होता. तो काउंटरवर उभ्या असलेल्या काकांना उपलब्ध नाही.

त्यांना उपलब्ध असतात ते तीन-चार मार्ग, आणि ते इतके साधे आहेत की कोणी मनावर घेत नाही. पहिला, मूळ औषधाचं नाव विचारणं. डॉक्टरांना "याचं कंटेंट काय लिहू?" एवढं विचारलं की बहुतेक डॉक्टर सांगतात, काही तर खूश होतात. दुसरा, प्राधिकरणाचं 'फार्मा सही दाम' नावाचं मोबाईल ॲप, ज्यात औषधाची कमाल किंमत आणि निरनिराळ्या कंपन्यांचे भाव दिसतात. तिसरा, जनऔषधी केंद्र. ही योजना २००८ ची, पहिलं केंद्र अमृतसरला उघडलं. सेफ्ट्रायॅक्झोन, मेरोपेनेम, पिपरॅसिलीन-टॅझोबॅक्टम ही इंजेक्शनंही तिच्या यादीत आहेत. काकांचा अनुभव असा की यादीत असतं ते केंद्रात असेलच असं नाही. "उद्या येईल" म्हणतात, आणि आजींचा पुढचा डोस रात्री नऊला असतो.

चौथा मार्ग सिव्हिल हॉस्पिटलचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. म्हणजे शंभर टक्के सूट, फ्लॅट. पण काकांच्या मंडळात सिव्हिलला गेलो हे सांगणं आणि साठ टक्के सुटीत घेतलं हे सांगणं, यांत प्रतिष्ठा दुसऱ्याला आहे. शंभर साठाहून मोठे असतात, हे इथे चालत नाही.

बाहेरून काही आणलं तर वर आल्यावर सिस्टर पिशवी उघडतात. "काका, ही कंपनी नाही चालत आमच्याकडे." इथे काकांचा पारा चढतो, आणि थोडा चढायलाही हवा. रुग्णाने अमुकच दुकानातून औषध घ्यावं अशी सक्ती कुठल्या कायद्यात नाही. मार्च २०२५ मध्ये रुग्णालयातल्या दुकानांच्या सक्तीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा न्यायालयाने स्वतः आदेश दिला नाही, राज्यांनी धोरण ठरवावं म्हणून चेंडू राज्यांकडे टोलवला. पण डॉक्टरांचीही एक बाजू आहे. बाहेरून आलेली व्हायल उन्हात डिकीत दोन तास पडली होती का, बिल कुठलं, बॅच कुठली, हे त्यांना कळत नाही, आणि इंजेक्शन लागू पडलं नाही तर जबाब त्यांनाच द्यावा लागतो.

ही भीती पोकळ नाही. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या तपासल्या तेव्हा त्यांत औषधाचा पत्ताच नव्हता, आणि पाकिटावर ज्या कंपनीचं नाव होतं ती कंपनीच अस्तित्वात नव्हती. गोळ्या होत्या, व्हायल नव्हेत, पण धडा तोच. औषधच काढून टाकलं की किंमत किती उतरू शकते, याचा तो नमुना होता. ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं ते अशाच प्रकारांमुळे. काका तो कोड मोबाईलने वाचायचा प्रयत्न करतात. पैसे द्यायचं ॲप उघडतं आणि "हा कोड चालत नाही" म्हणतं. त्यांना ते सूचक वाटतं.

आजींना भेटायला आलेले शेजारी वेगळीच शंका काढतात. "एवढं स्वस्त? मग जरा भारी दे म्हणावं डॉक्टरला." महाग म्हणजे भारी, हा समज मिसळीच्या तर्रीवरून आला असावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिक्सचे तीन गट केले आहेत: आधी वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. पहिल्या गटात जेंटामायसिन, ॲमिकासिन यांसारखी जुनी आणि स्वस्त इंजेक्शनं आहेत. सेफ्ट्रायॅक्झोन आणि मेरोपेनेम दुसऱ्या गटात. तिसरा गट म्हणजे घरातलं चांदीचं ताट; रोज पिठलं-भाकरीला काढलं तर पाहुणे येतील तेव्हा चमक उरणार नाही. जंतूला एमआरपी वाचता येत नाही. त्याला ठाऊक असतं ते इतकंच की हे औषध आपल्याला मारतं की नाही, आणि ते कल्चर रिपोर्टवर दोन-तीन दिवसांनी उमटतं.

मध्येच २२ सप्टेंबर २०२५ येऊन गेलेला असतो. बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुना माल परत बोलावण्याची गरज नव्हती, विकताना कमी किंमत लावली की झालं. म्हणजे ११२ रुपये छापलेली वस्तू कर कमी झाल्यावर १०५ ला. ज्या आठवड्यात हे झालं त्या आठवड्यात काउंटरवर उभ्या असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटलं, आपण "काही कमीजास्त?" म्हणालो म्हणूनच सात रुपये सुटले. अर्थमंत्र्यांना त्याचं श्रेय नाशिकमध्ये तरी मिळालं नाही.

तिसऱ्या दिवशी आजींचा ताप उतरतो. कल्चर रिपोर्ट येतो. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन बंद, आता गोळी चालेल. दिवसाला दोन याप्रमाणे सहा व्हायल टोचून झालेल्या असतात; चार सीलबंद उरतात. तीन दिवस चाललेल्या सगळ्या तुलनेत, फेऱ्यांत आणि भाच्यांत जे साधलं नाही ते एका वाक्यात साधतं, आणि काकांना त्याचं श्रेय घेता येत नाही म्हणून ते किंचित खट्टू होतात.

उरलेल्या चार व्हायल घेऊन ते काउंटरवर जातात. सीलबंद आहेत, घेतो, बिल दाखवा, मुलगा म्हणतो. काका खिशातून चार घड्या घातलेलं बिल काढतात. त्याच्या पाठीवर तीन दिवसांचं काम आहे: कॉलेज रोडच्या दुकानाचा भाव, मुंबई नाक्याचा, गोळे कॉलनीचे दोन, जनऔषधीचा आणि त्यापुढे 'उद्या', ॲपवरची कमाल किंमत अधोरेखित, आणि कोपऱ्यात, का कोण जाणे, कोथिंबीर १०. मुलगा बिल उलटं करतो, यादीवरून बोट फिरवत खाली जातो, एका आकड्यावर थांबतो. दुकानात इकडेतिकडे बघतो. मग काचेवर वाकून हळूच विचारतो, "काका, ही गोळे कॉलनीत नेमकी कुणाकडे मिळते हो?"